वेताच्या टोपल्यांची साक्ष : कांहीं ग्रंथांचें परीक्षण

जुन्या कागदांचा शोध करणाऱ्या मंडळींना एक खोड असते, आणि ती आमच्यांतहि आहे. दप्तर हातीं आलें कीं रुमाल सोडावा, कागद वेगळे करावे, त्यांवर क्रमांक घालावे, आणि रुमाल व पेटारा बाजूस सारावा. कागद बोलतो, पेटारा बोलत नाहीं, अशी आमची समजूत. ही समजूत कितपत खरी आहे, हें तपासण्याचा प्रसंग आम्हांस एका दूरच्या विषयामुळें आला. बोर्निओ, लुझॉन व त्यांच्या आसपासच्या बेटांतील लोक वेताच्या ज्या टोपल्या व पिशव्या विणीत आले आहेत, त्यांविषयींचे कांहीं ग्रंथ आम्हीं क्रमानें वाचले. त्यांतील पहिला १८९५ सालचा व शेवटचा २०१२ सालचा आहे. एवढ्या अवधींत अभ्यासकांची दृष्टि कशी बदलली, कोठें सुधारली व कोठें सुधारली नाहीं, हें सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

हा विषय या त्रैमासिकाच्या नित्याच्या क्षेत्राबाहेरचा आहे, असा आक्षेप येईल. त्यास उत्तर इतकेंच कीं, ज्या लोकांजवळ लेखन नव्हतें किंवा फार थोडें होतें, त्यांच्या इतिहासाचीं साधनें कोणतीं मानावीं आणि तीं कोणत्या कसोटीनें वाचावीं, हा प्रश्न साधनपरीक्षेचाच आहे. आणि साधनपरीक्षा हें आपलें घरचें काम आहे.

प्रथम पदार्थाविषयीं. पदार्थ न ओळखतां केलेली नोंद पुढच्या सर्व अनुमानांना बिघडविते. वेत व बांबू यांची आपल्याकडे बोलण्यांत नेहमीं गल्लत होते. परंतु बांबू हें गवताच्या कुळांतलें आहे, आणि वेत हा ताडामाडांच्या कुळांतला वेल आहे. बांबूचें पेर पोकळ असतें, वेत आंतून भरीव असतो. बांबू आपल्या बळावर उभा राहतो. वेत काट्यांनीं व आंकड्यांनीं झाडास धरून वर चढतो, आणि त्याच्या कांहीं जाती शंभर मीटरांहूनहि लांब वाढतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं त्याच्या सुमारें ६०० जाती नोंदल्या आहेत. सह्याद्रीच्या दक्षिण भागांतहि त्यांपैकीं कांहीं होतात, पण त्यांचें खरें माहेर म्हणजे मलय द्वीपसमूह. डॉ. जॉन ड्रान्सफील्ड यांनीं मलय द्वीपकल्पांतील वेतांविषयीं १९७९ सालीं व सारवाकमधील वेतांविषयीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलेले ग्रंथ हे या बाबतींत आधार धरण्याजोगे आहेत.

असें असतां संग्रहालयांच्या जुन्या चिठ्ठ्यांवर ‘वेताची टोपली’ या शब्दांखालीं काय काय सांपडतें, तें पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. बांबूच्या कामट्या, केतकीच्या जातीचीं पानें, दलदलींत उगवणाऱ्या बेंबान नांवाच्या झाडाची साल, हें सर्व एकाच नांवाखालीं जातें. फिलिपाईन बेटांत नितो नांवाची नेच्याच्या वर्गांतली एक वेल आहे. तिचा देठ मूळचाच काळसर तपकिरी असतो. नितोची नक्षी असलेल्या टोपलीवर ‘काळा रंग दिलेला वेत’ अशी चिठ्ठी लागली, म्हणजे पदार्थहि चुकला आणि रंगविण्याची जी कृति घडलीच नाहीं ती इतिहासांत दाखल झाली. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हा दोष ताबडतोब कळेल. ताडपत्र व भूर्जपत्र यांतला भेद न सांगणाऱ्या सूचीवर आपण कितीसा विश्वास ठेवूं?

आतां कृति. वेत रानांतून ओढून काढावयाचा, त्याचें काटेरी आवरण सोलावयाचें, तुकडे करून ते उभे चिरावयाचे, आंतला मऊ गाभा तासून टाकून बाहेरच्या चकचकीत सालीच्या पट्ट्या ठेवावयाच्या, हें पहिलें काम. सर्व पट्ट्या एका जाडीच्या व एका रुंदीच्या व्हाव्या म्हणून त्या दोन पात्यांमधल्या फटींतून किंवा पत्र्यास पाडलेल्या भोंकांतून ओढतात. ही तयारी ज्या हातानें नीट केली त्याची वीण घट्ट बसते. ज्यानें आळस केला त्याची टोपली कितीहि नक्षीदार असली तरी कालांतरानें सैल पडते. बोर्निओंत काळा रंग चढवावयाचा असतां पट्ट्या तुरट पाल्याबरोबर उकळून लोहयुक्त चिखलांत पुरून ठेवतात. हिरड्याच्या काढ्यांत हिराकस घातल्यानें जो काळा रंग उठतो, त्यांतलाच हा योग होय. अशा रंगानें तंतू काळ गेल्यावर ठिसूळ होतात. जुन्या पोथ्यांतून शाईनें कागद खाल्लेला आपण पाहतों, तसाच कांहींसा प्रकार येथेंहि घडतो. म्हणून जुनी वस्तु हातीं आली तर काळ्या पट्ट्या आधीं तपासाव्या. तांबड्या रंगासाठीं वेताच्याच एका जातीच्या फळांवरची राळ वापरतात. आपल्याकडे हिरादखण या नांवानें जे पदार्थ विकले जातात, त्यांत ही राळहि येते.

विणीचे मुख्य प्रकार थोडे आहेत. एक पट्टी वर व एक खालीं अशी साधी वीण. दोन वर व दोन खालीं घेऊन दर ओळीस एक पाऊल सरकणारी तिरपी वीण. तीन दिशांनीं पट्ट्या नेऊन षट्कोनी भोंकें ठेवणारी वीण. आणि तिन्ही दिशांच्या पट्ट्या घट्ट बसवून भोंकच न ठेवणारी वीण. या शेवटच्या विणीस मलय भाषेंत ‘आन्याम गिला’ म्हणजे ‘वेडी वीण’ असें नांव आहे. कायान, केन्याह, पेनान वगैरे लोकांची ‘आंजात’ नांवाची पाठीवर अडकविण्याची उभट पिशवी तिरप्या विणीची असते. तिच्या तोंडाशीं जाड वेताचीं कडीं ओंवलेलीं असून त्यांतून गेलेल्या दोरीनें तोंड आवळतां येतें.

या क्षेत्रांत पहिलें शिस्तबद्ध काम अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयांतील ओटिस मेसन यांचें. ‘मलेशियन टोपलीकामाची शब्दसूची’ या अर्थाचा त्यांचा निबंध १९०८ सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्याच वर्षीं, निघाला. त्यास आधार डॉ. विल्यम लुईस ॲबट यांच्या संग्रहाचा होता. ॲबट हे फिलाडेल्फियाचे धनिक वैद्य. वैद्यकी सोडून ते प्रवासास लागले, आणि ‘टेरापिन’ नांवाच्या आपल्या शिडाच्या जहाजांतून त्यांनीं अंदमान-निकोबारपासून सुमात्राच्या पश्चिमेकडील बेटांपर्यंत व पुढें बोर्निओपर्यंत वस्तू जमविल्या. मेसन यांच्या निबंधांतला ‘मलेशियन’ हा शब्द वाचकानें जपून घ्यावा. त्या नांवाचें राष्ट्र १९६३ सालीं झालें. मेसन यांस सबंध द्वीपसमूह अभिप्रेत आहे.

मेसन यांचा गुण हा कीं, त्यांनीं टोपलीस शोभेची वस्तु न मानतां रचना मानली. अमेरिकेंतील मूळ रहिवाशांच्या टोपल्यांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९०४ सालीं प्रसिद्ध झाला होता. त्यांत हातानें विणलेल्या व शिवून वेटोळीं जुळविलेल्या असे दोन वर्ग पाडून विणलेल्यांचे पोटभेद त्यांनीं केले होते. तीच शिस्त त्यांनीं या नव्या साहित्यास लावली. एका विणीस एक शब्द व त्या शब्दास एकच अर्थ, अशी भाषा ठरल्यावांचून दोन संग्रहांची तुलना होऊं शकत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. आज शंभरांहून अधिक वर्षांनींहि त्यांचे वर्ग टाकून देतां येत नाहींत.

त्यांचा दोषहि या गुणांतूनच निघाला आहे. टोपल्या विणणारीं माणसें दूर राहिलीं; मेसन यांच्यापुढें आल्या त्या कपाटांतल्या वस्तू. त्यामुळें निबंधाचा भर पाहणाऱ्याच्या शब्दांवर आहे, विणणाऱ्याच्या शब्दांवर नाहीं. आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर ही प्रत कोणत्या घराण्यांतली, कोणी लिहिली व कोणासाठीं लिहिली, हें न विचारतां अक्षराचें वळण तेवढें नोंदल्यासारखें झालें. अक्षराचें वळण नोंदणें हें अवश्यच आहे. तेवढ्यावर ग्रंथाचा इतिहास मात्र होत नाहीं.

विणीच्या साम्यावरून लोकांचें नातें ठरविण्याचा मोह हा दुसरा धोका. षट्कोनी वीण जपानपासून अंदमानपर्यंत सांपडते, आणि आपल्याकडील बुरूड कोंबड्या झांकण्याचें डालगें विणतो त्यांतहि अशी उघड्या घरांची वीण दिसते. एवढ्यावरून कोणी कोणाचा शिष्य ठरत नाहीं. पट्टीच मनुष्यास कांहीं गोष्टी करावयास लावते. मलय लोकांच्या ‘सेपाक रागा’ या खेळांतला वेताचा चेंडू पाहावा. षट्कोनांनीं विणलेला सपाट पडदा गोल मिटावयाचा असेल तर बरोबर बारा ठिकाणीं पंचकोन घ्यावे लागतात, हा भूमितीचा नियम आहे. आणि त्या चेंडूस बाराच भोंकें असतात. विणणाऱ्यानें नियम वाचला नव्हता, हातानें तो शोधून काढला होता. असा शोध दोन देशांत दोनदां लागण्यास कांहींच हरकत नाहीं. नातें सिद्ध करावयाचें तर जेथें पट्टी सक्ति करीत नाहीं तेथें पाहिलें पाहिजे: तळाचा आरंभ कसा केला, कांठ कसा मिटविला, पट्टा कोठें अडकविला. याच जागीं शिकविणाऱ्याची परंपरा राहते.

नक्षीच्या अर्थाचा प्रश्न याहून वादाचा आहे, आणि आमच्या मतें या सर्व वाङ्मयांत जास्तींत जास्त नुकसान येथें झालें आहे. आल्फ्रेड हॅडन यांनीं १८९५ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, नक्षीच्या आकृतींनाहि जीवनक्रम असतो. प्राण्याचें हुबेहूब चित्र पुनःपुनः उतरवितां उतरवितां झिजतें व शेवटीं रेघा-त्रिकोण उरतात. सारवाकमध्यें १८८४ पासून १९०७ पर्यंत अधिकारपदावर असलेले चार्ल्स होझ यांनीं विल्यम मॅकडूगल यांच्यासह १९१२ सालीं जो दोन भागांचा ग्रंथ काढला, त्यांत हस्तव्यवसाय व अलंकरण यांस स्वतंत्र प्रकरणें दिलीं आहेत. पुढें १९३६ सालीं हॅडन व लॉरा स्टार्ट यांनीं केंब्रिज येथील इबान वस्त्रांवर ग्रंथ केला, आणि आकृतींचीं नांवें देण्याची पद्धत रूढ झाली. तेव्हांपासून अमुक नागमोड म्हणजे साप, अमुक चौकोन म्हणजे डोळा, अशा याद्या एका पुस्तकांतून दुसऱ्या पुस्तकांत उतरत आल्या. टोपल्यांवरील लेखनांतहि त्यांचा सुळसुळाट झाला.

या याद्यांविरुद्ध दोन आक्षेप आहेत. पहिला आक्षेप रचनेचा. तिरप्या विणींत रेघ पायरीपायरीनेंच चढते. गोलाई तींत काढतांच येत नाहीं. तेव्हां आकृति कोनाकोनांची आहे यावरून ती झिजलेली आहे असें ठरत नाहीं. ती पहिल्या दिवसापासूनच तशी असूं शकेल. गॉटफ्रीड सेंपर या जर्मन वास्तुविशारदानें १८६० च्या सुमारासच विणकामांतून नक्षी निघते हा विचार मांडला होता. हॅडन यांच्या अनुयायांनीं त्याचें पुरतें उत्तर दिलें नाहीं. दुसरा आक्षेप साक्षीचा. फ्रांझ बोआस यांनीं १९२७ सालच्या आपल्या ग्रंथांत अमेरिकेंतील उदाहरणांवरून दाखविलें कीं, एकाच आकृतीचा अर्थ निरनिराळे लोक निरनिराळा सांगतात. म्हणजे पुष्कळ वेळां आकृति आधीं व अर्थ मागाहून. इबान वस्त्रांविषयीं ट्राउडे गॅव्हिन बाईंनीं विणणाऱ्या स्त्रियांकडे प्रत्यक्ष चौकशी करून २००३ सालीं ग्रंथ लिहिला. त्यांत, आकृतीस दिलेलें नांव व आकृतीचें रूप यांचा संबंध सरळ नसतो, नक्षी ही शब्दशः वाचावयाची लिपि नव्हे, असें त्यांनीं पुराव्यानिशीं मांडलें. जें वस्त्राविषयीं सिद्ध झालें तें टोपलीस आपोआप लागू होत नाहीं, हें खरें. पण यादी करणाऱ्यावर पुराव्याचें ओझें आतां येऊन पडलें आहे, हें निश्चित.

येथें उलट टोकास जाणेंहि आम्हांस मान्य नाहीं. नक्षीस कांहींच अर्थ नसतो असें म्हणणारे लेखकहि अलीकडे भेटतात. त्यांनीं कायान व केन्याह लोकांचे मुलें पाठीवर वाहण्याचे पाळणे पाहावे. त्यांवर मण्यांची नक्षी बसवितात, आणि तींत संपूर्ण मनुष्याकृति घालण्याचा अधिकार उच्च कुळांनाच असे. येथें आकृतीचा अर्थ कोणी अंदाजानें सांगितलेला नाहीं. समाजानें तो निर्बंधानें राखलेला होता. मोर्तब कोणीं करावें हें ठरलेलें असलें म्हणजे मोर्तबास अर्थ येतो, तसेंच हें. तेव्हां कसोटी ही: अर्थ सांगणारा कोण, तो कोणत्या वेळीं सांगतो, आणि त्या अर्थानें कोणाच्या वागणुकींत फरक पडत होता काय? या तीन प्रश्नांस उत्तर असेल तर अर्थ घ्यावा. नसेल तर आकृतीचें रेखाटन द्यावें व स्वस्थ राहावें.

लिपि व नक्षी यांचा भेद मिंदोरो बेटावर विशेष स्पष्ट दिसतो. तेथील हानुनोओ मांग्यान लोकांजवळ ब्राह्मीच्या वंशांतली लिपि आहे. बांबूच्या कांड्यावर सुरीच्या टोंकानें ते आपलीं गीतें कोरतात. युनेस्कोनें १९९९ सालीं फिलिपाईन्समधील या लिप्यांची नोंद जागतिक स्मृतीच्या यादींत केली. त्याच लोकांच्या टोपल्यांवर व कपड्यांवर ‘पाकुदोस’ नांवाची क्रुसासारखी आकृति येते. लिपि व आकृति या दोन्ही एकाच घरांत नांदतात, आणि त्यांची कामें वेगळीं आहेत. ज्या लोकांना अक्षरें येतात त्यांनीं आपल्या टोपलीवर अक्षरें घातलीं नाहींत, आकृति घातली. आकृतीला अक्षर समजणाऱ्या पंडितांनीं यावरून बोध घ्यावा.

लुझॉनच्या डोंगराळ मुलखांतील टोपल्यांवर फ्लोरिना कापिस्त्रानो-बेकर यांचा ग्रंथ १९९८ सालीं लॉस अँजेलिस येथील फाऊलर संग्रहालयानें प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं १९८६ सालीं रॉबर्ट लेन यांचें फिलिपाईन टोपलीकामावरील रसग्रहणात्मक पुस्तक झालें होतें. लेन यांचें पुस्तक रसिकाचें आहे व कापिस्त्रानो-बेकर यांचें अभ्यासकाचें आहे. दोन्ही शेजारीं ठेवून वाचावीं. बोर्निओंत विणण्याचें पुष्कळसें काम स्त्रिया करतात. लुझॉनच्या डोंगरांत मात्र वस्त्र स्त्रीचें व टोपली पुरुषाची. इफुगाव पुरुष ‘पासिकिंग’ नांवाची पाठीवरची टोपली वागवितो. तिच्या एका प्रकारास बाहेरून ताडाच्या जातीच्या तंतूंचा केसाळ थर लावलेला असतो, त्यामुळें पाऊस ओघळून जातो व शिकाऱ्याचें अन्न कोरडें राहतें. ही टोपली नुसती कांचेच्या कपाटांत पाहून ‘विलक्षण केसाळ नक्षी’ असें कोणी लिहिलें तर त्यानें पाऊस विसरला, असें म्हणावें लागेल.

या मुलखांतल्या टोपल्यांचा काळसर तांबूस झळाळ संग्राहकांस फार आवडतो. तो घरांतल्या चुलीच्या धुरानें व हातांच्या वापरानें अनेक वर्षांत चढतो. जेथें आवड तेथें नक्कल, हा व्यापाराचा नियम. नव्या टोपल्यांस मुद्दाम धूर देऊन व रंग फांसून जुन्या म्हणून विकण्याचा धंदा चालतो. धुरकटविलेल्या बनावट सनदा ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांस याची परीक्षा शिकवावयास नको. खरा धूर वरच्या बाजूस अधिक बसतो, विणीच्या दडलेल्या घडींत कमी. खरी झीज पाठीस लागणाऱ्या भागावर, तळाच्या कोपऱ्यांवर व पट्टा घांसतो त्या जागीं असते. सर्वत्र सारखा काळा रंग व कोठेंच झीज नाहीं, अशी वस्तु संशयास्पद समजावी. दुरुस्तीच्या खुणा तर सोन्यासारख्या आहेत. व्यापारी त्या दोष म्हणून लपवितो. आम्ही त्यांना समासांतल्या टीपा म्हणतों. कोणी तरी ही वस्तु टाकून देण्याजोगी मानली नाहीं, एवढें त्या निश्चित सांगतात.

बोर्निओपुरता सर्वांत विस्तृत ग्रंथ बर्नार्ड सेलातो यांनीं संपादिलेला, २०१२ सालीं निघालेला. अनेक लेखकांचे लेख त्यांत एकत्र केले असून चटया, टोपल्या, टोप्या असा सर्व विणीव संसार त्यांत आला आहे. मेसन यांच्यापासूनचा प्रवास येथें स्पष्ट दिसतो: वस्तूबरोबर गांव येतें, गांवाबरोबर भाषा येते, आणि ‘डायाक टोपली’ या पोकळ शब्दाची जागा इबान, केन्याह, पेनान, न्गाजू अशीं नेमकीं नांवें घेतात. ‘डायाक’ हें नांव बोर्निओच्या अनेक भिन्न भाषा बोलणाऱ्या लोकांस सरसकट लावलेलें आहे. त्यावर चालविलेली सूची म्हणजे ‘हिंदुस्थानी पोथी’ एवढेंच लिहिलेली सूची. या एका सुधारणेसाठींहि हा ग्रंथ संग्रहीं असावा.

आमची तक्रार आहे ती या सर्वच वाङ्मयाच्या एका प्रवृत्तीविषयीं. त्यांत सुंदर वस्तूंस जागा मिळते, कामाच्या वस्तूंस थोडी. आणि जुन्या वस्तूंस मान मिळतो, नव्यांस क्षमा मागावी लागते. सारवाकमधील पेनान स्त्रिया आज खोकीं बांधण्याच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनींहि टोपल्या विणतात. पुष्कळ संग्राहक अशी टोपली हातांतहि धरीत नाहींत. तिच्याकडे नीट पाहावें. तळाचा आरंभ तोच, तिरपी वीण तीच, कांठ मिटविण्याची रीत तीच. बदललें तें द्रव्य. कागद आला तेव्हां ताडपत्राचे अभिमानी असेच नाक मुरडीत असतील. पण ज्यांनीं ग्रंथ कागदावर उतरविला त्यांनींच तो राखला.

द्रव्य कां बदललें, हेंहि सूचींत येणें अवश्य आहे. बोर्निओ बेटाचा सुमारें तीन चतुर्थांश भाग १९७३ सालीं रानाखालीं होता. त्या रानांपैकीं सुमारें ३० टक्के २०१० पर्यंत गेलें. पेनान लोकांनीं १९८७ सालीं लाकूडतोडीचे रस्ते अडवून धरले, तें याच रानासाठीं. कालिमंतानमध्यें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शेत पडीक टाकतांना त्यांत वेत लावून ठेवण्याची रीत होती. इंडोनेशिया सरकारनें २०१२ सालीं कच्च्या वेताची निर्यात बंद केल्यावर भाव पडल्याची तक्रार अशा बागाइतदारांनीं केली. म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी ही परंपरेचा ऱ्हास दाखवीत नाहीं. रान कोणी नेलें हें दाखविते. साधन म्हणून तिचें मोल जुन्या वेताच्या टोपलीहून कमी नाहीं.

या सर्व परीक्षणाचा निष्कर्ष व्यवहारांत आणावयाचा तर प्रत्येक टोपलीच्या नोंदींत पुढील गोष्टी असाव्या: द्रव्य कोणतें व तें कोणी ओळखलें, तळाचा आरंभ, वीण व कांठ, पट्टा कपाळाचा कीं खांद्याचा, झीज व दुरुस्ती कोठें, गांव व भाषा, विणणाऱ्याचा शब्द, आणि ती वस्तु कोणाकडून, कोणत्या सालीं, कोणत्या रीतीनें आली. नक्षीचें नांव सर्वांत शेवटीं, आणि तें सांगणाऱ्यासह. मेसन यांनीं पहिल्या तीन बाबी दिल्या, सेलातो यांच्या सहकाऱ्यांनीं पुढच्या दिल्या. दोघांचें मिळून जें होतें तें पुरें साधन. सारवाकच्या संग्रहालयाची इमारत कुचिंग येथें १८९१ सालीं उघडली. तेथील व अन्यत्रच्या कपाटांतून अशा फेरनोंदीची वाट पाहणाऱ्या वस्तू अजून पुष्कळ असतील.

शेवटीं आमच्या घरचें. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका वाड्यांत आम्हांस दप्तर मिळालें. तें वेताच्या विणीच्या, वरून चामडें मढविलेल्या पेटाऱ्यांत होतें. आम्हीं कागद घेतले, त्यांच्या याद्या केल्या, आणि फाटका पेटारा परसांत ठेवून आलों. पुढें त्यांतल्या कांहीं पत्रांविषयीं प्रश्न निघाला कीं, तीं त्याच घराण्याचीं, कीं दुसऱ्या कोठून आणून त्यांत ठेवलेलीं. पत्रांवर साल नव्हतें, अक्षर दोन हातांचें होतें. पेटाऱ्यास आंतून दोन खण होते, एवढें आम्हांपैकीं एकास आठवत होतें. कोणत्या खणांत काय होतें, हें कोणासच आठवेना. परत चौकशी केली तेव्हां पेटारा पावसानें कुजून गेला होता. तीं पत्रें आजहि ‘संशयित’ या सदराखालीं पडून आहेत, आणि तें सदर आमच्या हातानें तयार झालें आहे. ज्या मंडळींच्या घरीं दप्तरें अजून मूळच्या पेटाऱ्यांत व रुमालांत आहेत, त्यांनीं कागदास हात लावण्यापूर्वीं पेटाऱ्याचें चित्र व वर्णन लिहून ठेवावें, एवढी विनंति करून हें परीक्षण पुरें करतों.